वाघिणीवरची अक्षरं

दत्तोबा पडवळांनी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर उभा जन्म कारकुनी केली, निरोपाचा हार गळ्यात घालून घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी टोपी चढवून पुन्हा स्टेशनाकडे निघाले. नंदाबाईंनी उंबऱ्यातून विचारलं, "आता कुठं?" तर म्हणाले, "जरा वाघीण बघून येतो."

नंदाबाईंचं निम्मं आयुष्य रेल्वेच्या चाळीत गेलेलं. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या शालूबाईंना मात्र ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पुढचे कित्येक दिवस घरातल्या कुणालाही अंधार पडल्यावर परसाकडे जाऊ दिलं नाही.

आता वाघिणीत बघण्यासारखं काय असतं? तर तिच्या अंगावरची अक्षरं. तेव्हा प्रत्येक रेल्वे कंपनी वेगळी, आणि प्रत्येकीची इंग्रजी अक्षरं डब्यावर पांढऱ्या रंगात ठळक काढलेली असत. लोणावळ्याच्या पुढे घाट. मुंबईकडे उतरणारी मालगाडी इथं थांबायची, तिचे ब्रेक तपासून व्हायचे, मगच ती खाली निघायची. फलाटाच्या टोकाला एक बाक होतं. गाडी थांबली की बाकासमोर जी वाघीण येईल तिची अक्षरं घ्यायची आणि ती सगळी ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधायचा. अक्षरांचा क्रम कसाही चालेल. ज्याचा शब्द लांब तो जिंकला. हरणाऱ्यानं विडा करून द्यायचा.

हा खेळ काढला महिपती मास्तरांनी. मास्तर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. बायको, लीलाबाई, आईच्या दुखण्यासाठी जुन्नरला जाऊन राहिलेली. घरी एकट्यानं पिठलं ढवळत बसण्यापेक्षा ते संध्याकाळी स्टेशनात यायचे. एकदा जी आय पी अशी वाघीण समोर उभी राहिली, तेव्हा मास्तर सहज म्हणाले, "दत्तोबा, या तीन अक्षरांचा शब्द सांगा बघू." दत्तोबांनी तीच अक्षरं उलटीकडून वाचली आणि म्हणाले, "पिग!" मास्तर म्हणाले, "पिलग्रिमेज." त्याच तीन अक्षरांतून एकाचं डुक्कर निघालं आणि एकाची तीर्थयात्रा. दत्तोबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून दोघांना त्या बाकाचं वेड लागलं.

दत्तोबांचं इंग्रजी मालधक्क्यावरचं. खोकी, पोती, डॅमेज, शॉर्टेज, यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. मास्तरांचं इंग्रजी पुस्तकातलं. एन डब्ल्यू आर आलं तेव्हा दत्तोबांनी 'आन्सर' काढून विडा जिंकला होता. एम एस एम आलं तेव्हा मास्तरांनी 'म्यूझियम' काढलं, तर दत्तोबा म्हणाले, म्यूझियम आपण पाहिलेलं नाही, सबब मानत नाही. असं चालायचं. रुळांचे सांधे बदलणारा नथू कंदील घेऊन जवळ उभा राहायचा आणि दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. नथू घाटाजवळच्या कुरवंडे गावचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कोण जिंकलं हे तो दोघांच्या तोंडावरून ओळखायचा.

पौषातली संध्याकाळ होती. थंडी चांगली पडलेली. गाडी आली, कण्हत कुंथत थांबली, आणि बाकासमोर चार अक्षरांची वाघीण उभी राहिली.

"बी, बी, सी, आय," मास्तरांनी वाचलं. "आज कठीण आहे हो."

दत्तोबांनी मनात 'बिस्किट' काढलं, आनंदानं तोंड उघडलं, आणि बी एकच आहे हे ध्यानात येऊन मिटलं. 'बेबी'त दोन बी होते, पण पुढे काहीच नव्हतं. इतक्यात मास्तरांनी मांडीवर थाप मारली आणि फलाट दणाणेल अशा आवाजात ओरडले, "ब्यूबॉनिक! बी-यू-बी-ओ-एन-आय-सी! सात अक्षरं!"

दत्तोबांचा चेहरा उतरला. हा शब्द त्यांना कुणी शिकवायला नको होता. ते विशीत होते तेव्हा मावळात प्लेग आला. गोरे डॉक्टर आणि त्यांचे शिपाई गावोगाव फिरत तोच शब्द बोलत होते, आणि मावळातल्या अडाण्यातल्या अडाण्यालाही तेवढं एक इंग्रजी येत होतं. दत्तोबांचं घर तेव्हा कुरवंड्याला होतं. गाव सोडून सगळे माळावर खोपटी बांधून राहिले. खोपटात गेलेला त्यांचा थोरला भाऊ परत घरात आला नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "तिन्हीसांजेला, गाडीसमोर उभं राहून, त्या रोगाचं नाव घेता?"

"नाव कसलं घेतो? शब्द आहे. अक्षरं मोजा."

"अशुभ शब्द चालत नाहीत."

"हा नियम कधी झाला?"

"आत्ता झाला. आणि तुम्हाला शब्दच हवाय ना? घ्या. बार्बॅरिक! आठ अक्षरं. रानटी. ज्याला वेळकाळ कळत नाही तो."

आता खरं म्हणजे दत्तोबा जिंकले होते. मास्तरांनी विडा केला असता तर कथा इथंच संपली असती. पण रानटी म्हटल्यावर मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शाळेत ते दुसऱ्यांना म्हणायचे. त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"बोम्बॅस्टिक," ते थंडपणे म्हणाले. "नऊ. अर्थ, उगाच मोठमोठं बोलणारा. उदाहरण जवळच आहे."

दत्तोबा बाकावरून उठले. गाडीचा एक गार्ड डोकावून बघायला लागला. दत्तोबांच्या मनात आता वाघीण नव्हती, खेळ नव्हता. गेले कित्येक महिने आत दाबून ठेवलेली एक गोष्ट वर आली, आणि गंमत अशी, की ती नेमकी त्याच चार अक्षरांतून वाट काढत आली.

"बॅकबायटिंग," ते म्हणाले. "दहा अक्षरं, मास्तर. पाठीमागे चावणे. तुम्हाला उदाहरण पाहिजे का?"

मास्तरांना उदाहरण नको होतं. त्यांना ते माहीत होतं. निरोपसमारंभात दत्तोबांनी इंग्रजीत चार वाक्यं बोलायचं ठरवलं होतं. सगळ्यांच्या प्रेमानं मी भारावून गेलो, असं म्हणायचं होतं. साहेबांसमोर शब्दांची गल्लत झाली आणि ते म्हणाले, 'आय ॲम ओव्हरलोडेड.' साहेब गालात हसला. मास्तरांनी तो किस्सा शाळेतल्या शिक्षकांना रंगवून सांगितला, आणि तो फिरत फिरत बाजारातून दत्तोबांच्या घरी पोचला. दत्तोबा त्यावर एक अक्षर बोलले नव्हते.

"हळू बोला," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत! कळू दे सगळ्यांना!"

ऐकणारा जवळ एकच होता, नथू. आणि त्यानं काय ऐकलं? तर मास्तर वाघिणीकडे बोट दाखवून 'बुबॉनिक' म्हणून ओरडले, दत्तोबाभाऊंना त्या रोगाच्या नावानं घाम फुटला, दोघं इंग्रजीत कडाकडा भांडले, आणि शेवटी मास्तर म्हणाले, हळू बोला, लोक ऐकतायत. नथूनं गाडीला कंदील दाखवला, आणि पाळी संपल्यावर वाटेत कुणाला न शिवता तो घाईघाईनं कुरवंड्याची चढण चढला.

इकडे दत्तोबांनी स्टेशनाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळ झाली की ते बाजाराच्या बाजूला चक्कर मारायचे. पण लागलेली खोड सुटते थोडीच? वाण्याच्या दुकानातल्या रॉकेलच्या डब्यावर अक्षरं दिसली, की मन आपोआप कामाला लागायचं. एकदा झक्कास शब्द सापडला, ते हसून बाजूला वळले, तर बाजूला गुळाची ढेप. घरी येऊन त्यांनी नंदाबाईंना सांगायचा प्रयत्न केला.

"अगं, एक्स हे अक्षर ज्यात आहे असा मोठा शब्द—"

"मला कोथिंबीर ज्यात आहे अशी जुडी आणून द्या," नंदाबाई म्हणाल्या. "आमटी उकळतेय. आणि त्या मास्तरांशी बोला जाऊन एकदाचं. तुमचं तोंड बघवत नाही."

"मी कशाला बोलू? त्यांनी बोलावं."

मग एका सकाळी दूध आलं नाही. कुरवंड्याचा रखमाजी पहाटे कावडीनं दूध घेऊन यायचा. पाऊस असो, थंडी असो, त्याचा खाडा नसे. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बायकाही दिसेनात. दुपारी शालूबाई पदर तोंडाला लावून धावत आल्या.

"अहो नंदाबाई, कुरवंडं माळावर निघालंय! घरं मोकळी टाकून! प्लेग आलाय म्हणे!"

दत्तोबा जेवता जेवता उठले. गावात त्यांचा चुलतभाऊ कोंडाजी पाटील होता, त्याची सुनामुलं होती, अर्धं गाव भावकीचं. तसेच हात धुऊन ते स्टेशनात गेले. स्टेशनमास्तरांनी त्यांना बघताच खुर्ची मागे सरकवली.

"लांबूनच बोला, दत्तोबा. नथूनं रजेचा निरोप धाडलाय. वाघिणीतून प्लेग उतरला म्हणतो. सगळ्यात आधी तो तुम्ही आणि मास्तरांनी पाहिला, आणि तुम्ही दोघांनी तो दाबायचा ठरवलात!"

"आम्ही?"

"मास्तर म्हणे ओरडले, बी-यू-बी की काय. मी वर कळवून मोकळा झालो. वडगावहून टोचणारे डॉक्टर यायचेत."

दत्तोबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि असा पडला की तो न पडता तर बरं झालं असतं असं वाटलं. शब्द म्हटला कुणी, त्यावर आकांडतांडव केलं कुणी, आणि खोपटी बांधतंय कोण! ते तिथूनच मास्तरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मास्तर टोपी घालून, काठी हातात घेऊन ओसरीत उभे होते. बातमी त्यांच्यापर्यंतही आली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"कुरवंड्याला जायला हवं," दत्तोबा भिंतीला म्हणाले.

"कुणी?" मास्तरांनी खुंटीला विचारलं.

"ज्यांनी ज्यांनी शब्द काढले त्यांनी."

"दोन आमचे होते. दोन तुमचे."

"म्हणूनच दोघांनी."

वाट दत्तोबांच्या पायाखालची होती. मास्तर मात्र शाळेतले बूट घालून आले होते, आणि वाळलेल्या गवतावरून ते बूट घसरायला लागले. दत्तोबांनी मागे न बघता आपल्या काठीचं टोक मागे केलं. मास्तरांनी ते धरलं. अशी एक चढण झाली. वर आल्यावर मास्तरांनी टोक सोडलं आणि घसा खाकरला. पण नागफणीच्या कड्याकडून वारा आला, आणि काय बोलायचं होतं ते राहून गेलं.

माळावर पाहतात तर जत्रा भरलेली. कारवीचे कुड आणि भाताचा पेंढा यांची ओळीनं खोपटी. कुठं चुली पेटलेल्या, कुठं पाळणा बांधलेला, कोंबड्या खुराड्यासकट आलेल्या. ठाकरवाडीतली म्हातारी पुतळाबाई एका खोपटाचा कुड सारवत होती. प्लेगच्या सालात तिनं गावाला खोपटी बांधायला मदत केली होती, म्हणून आताही तिला मानानं बोलावलेलं. आंब्याखाली बाजेवर कोंडाजी पाटील बसला होता. दोघांना बघून त्यानं हात वर केला.

"तितंच थांब, दत्तू! तुमी दोघं त्या वाघिणीपाशी व्हता."

"दादा, प्लेग नाही. कुठंही नाही."

"सरकारबी पयल्यांदा आसंच म्हणतं."

"अरे, मी सरकार आहे का?"

"पेन्शन कोन देतंय तुला?"

मास्तर पुढे झाले आणि वर्गात समजावतात तसं सगळं समजावलं. वाघिणीवर अक्षरं असतात, अक्षरांतून शब्द शोधायचा, शोधता शोधता तो शब्द निघाला. लोक जमले, ऐकत राहिले. मास्तर जितकं सांगत गेले तितके चेहरे गंभीर होत गेले. दोन शिकलेली, पिकल्या केसांची माणसं रोज संध्याकाळी थंडीत बसून गाडीच्या डब्यावरून शब्द काढतात, हे काही कुणाला पटेना. त्यापेक्षा प्लेग पटत होता.

"आन उंदीर?" कोंडाजी म्हणाला. "माज्या कणगीपाशी मेलेला उंदीर घावला, त्यो?"

"तुझ्याकडं मांजर आहे ना, दादा?"

"हाय."

"मग?"

कोंडाजी जरा घुटमळला. पण नथू पुढे आला. "पाटील, म्या माज्या कानानं आयकलं. मास्तर म्हणलं, हळू बोला, लोकं आयकत्यात. खेळ आसता तर हळू कशापायी?"

सगळ्यांच्या माना दोघांकडे वळल्या. दत्तोबा खाली बघायला लागले. मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ते प्लेगचं नव्हतं, नथू," ते म्हणाले. "दत्तोबांनी मला एक शब्द म्हटला. त्याचा अर्थ पाठीमागे चावणे."

"कोन कुनाला चावलं?" पुतळाबाईनं सारवण थांबवून विचारलं. हा विषय तिला प्लेगपेक्षा बरा वाटला असावा.

मग मास्तरांना सांगावं लागलं. निरोपसमारंभ, साहेब, आणि भारावून गेलो म्हणायचं ते 'ओव्हरलोडेड' म्हणजे वाघिणीत जास्त वजन भरलं, असं म्हणाले तो किस्सा. तेच मास्तर, तोच किस्सा. शाळेत सांगताना त्यांना किती जागा सापडल्या होत्या! इथं मात्र एकही जागा सापडेना, कारण किस्सा ज्याचा तो हातभर अंतरावर उभा होता. सांगून झालं. कुणी हसलं नाही.

"मंग त्यात हसन्यावानी काय?" पुतळाबाई म्हणाली. "लय वझं झालं आसंल बिचाऱ्याला. माजी ल्येक नांदाया गेली तवा मला आसंच झालतं, पाय उचलंना. मला बोलता आलं न्हाई. भाऊंना आलं."

दत्तोबांनी मान वर केली. त्या वाक्याची त्यांना इतके महिने लाज वाटत होती. रात्री आठवलं की ते कूस बदलायचे. आणि ही म्हातारी कुडावर शेणाचा हात फिरवत म्हणत होती, की ते बरोबर होतं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर बुटाच्या टोकानं माती उकरत होते.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. इंग्रजीत नाही, मराठीत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"असू द्या," दत्तोबा म्हणाले. "मीही रानटी म्हणालोच."

"ते तुमचं मिटलं," कोंडाजी बाजेवरून म्हणाला, "पर आमच्या पलेगाचं काय?"

आता दोघांच्या जिवात जीव आला होता. दत्तोबा म्हणाले, "दादा, खेळूनच बघ. इंग्रजी नको, आपली बाराखडी. तू एक अक्षर सांग."

"म्या?" कोंडाजीनं मिशीवरून हात फिरवला. "रखमाजीचा र."

"नथू, तू?"

"मीठ. म."

"मावशी, तुम्ही?"

पुतळाबाईला अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणाले, कुठलाही एक आवाज सांगा. तिनं समोरच्या शेणाकडे बोट केलं. "ह्येच्यातला दुसरा."

"ण!" मास्तर खूश झाले. "र, म आणि ण. तिन्ही ज्यात आहेत असा शब्द सांगा. काना, मात्रा, वेलांटी काहीही लावा."

अख्खं गाव विचार करायला लागलं. बायका बोटांवर मोजत ओठ हलवत होत्या. रखमाजीनं डोळे मिटून घेतले. चुलीवर काही तरी करपलं, तरी कुणी हललं नाही. आणि एकाएकी नथू उडी मारून ओरडला, "मरण!"

"मेल्या, तुज्या तोंडात शेण घालू का?" कोंडाजी बाजेवरून ताडकन उठला. "ह्या वक्ताला, ह्या जागी, ह्ये बोलतूस व्हय रं?"

"पाटील, म्या काय केलं? अक्षरं तशीच हायत!"

"अक्षरं तशीच हायत म्हणून काय…" आणि कोंडाजी बोलता बोलता थांबला. त्यानं नथूकडे पाहिलं. मग दत्तोबांकडे, मग मास्तरांकडे. त्याची मिशी थरथरायला लागली. लोकांना वाटलं, आता काठी उचलतो. पण तो मटकन बाजेवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. हळूहळू एकेकाला उमगत गेलं, तसतसं हसू खोपटाखोपटांतून पसरत गेलं. नथू बिचारा मधोमध उभा राहून सगळ्यांना विचारत होता, "शब्द बराबर हाय का न्हाई, त्येवढं सांगा!"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "विडा तुझा."

कुणी तरी म्हणालं, रामायणही होतंय की यातून. मग बायकांनी आपली अक्षरं दिली, आणि बराच वेळ प्लेगाचं कुणाला नावही आठवलं नाही. पुतळाबाई दर वेळी आवाज निवडायला काही तरी नवी वस्तू दाखवायची, आणि तिचा शब्द आला नाही तर मास्तरांना जबाबदार धरायची. शेवटी कोंडाजीनं हुकूम सोडला: आवरा, चला घराकडं. गाठोडी बांधायला सुरुवातही झाली.

तेवढ्यात उतारावर एक सायकल ढकलत दोन माणसं येताना दिसली. पुढचा साहेबी टोपीतला, मागच्याच्या हातात पेटी. वडगावचे डॉक्टर होते. घामाघूम झाले होते, पण कामाला चोख.

"डॉक्टरसाहेब," दत्तोबा हात जोडून म्हणाले, "प्लेग नाही. गैरसमज झाला होता. हे गाव आता घरी निघालंय."

"खोपटी तर दिसतायत."

"ती उतरवतोय."

"गाव माळावर उतरलं की टोचणी करायची, असा नियम आहे," डॉक्टर म्हणाले. "इतकी चढण चढून आलोय, पेटी भरलेली परत नेणार नाही मी. आज नाही तर उद्या उपयोगच आहे. चला, ओळ लावा."

सुई म्हटल्यावर बायका खोपटात शिरल्या आणि माणसं खोपटांमागे. माळ ओस पडला. प्लेगाला गाव जेवढं भ्यालं नव्हतं तेवढं ते त्या पेटीला भ्यालं. कोंडाजीनं मात्र पाटीलकी सोडली नाही. तो दत्तोबा आणि मास्तरांच्या मधे येऊन उभा राहिला आणि त्यानं दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला. हात प्रेमाचे होते, पण सुटण्यासारखे नव्हते.

"डाक्टर," तो म्हणाला, "आदी ह्या दोघास्नी. मंग म्या. मंग गाव आपसुक यील."

मास्तरांनी बाही वर करता करता दत्तोबांकडे पाहिलं. "दुखतं का हो फार?"

"मला विशीत टोचली होती. आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे दुखत नसणार."

"आठवत नाही, कारण मी बेशुद्ध पडलो होतो."

सुई गेली. दोघांनीही आवाज केला नाही. गाव खोपटांच्या फटींतून बघत होतं.

उतरताना अंग मोडून यायला लागलं, आणि दत्तोबांच्या घरी पोचेपर्यंत दोघांनाही हुडहुडी भरली. मास्तरांच्या घरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून नंदाबाईंनी दोन्ही अंथरुणं ओसरीतच घातली. दोघांचे दंड नारळाएवढे सुजले होते. एकाला डाव्या कुशीवर वळता येत नव्हतं आणि एकाला उजव्या, त्यामुळे दोघांना एकमेकांकडे तोंड करून पडण्यावाचून इलाज उरला नाही. नंदाबाईंनी पेज करून वाटीनं पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि ताप उतरेपर्यंत या घरात कुठल्याही भाषेतलं अक्षर निघालं तर पट्ट्या काढून घेईन, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी रखमाजीचं दूध आलं. त्याच्या मागोमाग नथू आला, त्याचाही दंड फडक्यात बांधलेला. काखेत एक तरणीताठी कोंबडी होती.

"पाटलांनी धाडली," तो म्हणाला.

"कशाबद्दल?" दत्तोबांनी तापल्या आवाजात विचारलं. "आहेर म्हणून, का दंड म्हणून?"

"म्या बी इचारलं. पाटील म्हणलं, कापून खाल्ली की कळंल."

नंदाबाईंनी कोंबडी ताब्यात घेतली. नथूनं तिथंच परसात बसून ती साफ करून दिली, खोबरं भाजलं गेलं, पाट्यावर वाटण झालं. रश्श्याचा वास ओसरीत आला तशी दोन्ही अंथरुणं हलली. मास्तर कोपरावर उठून बसले. दत्तोबांनी तर स्वतः उठून ताट मांडायची तयारी दाखवली.

नंदाबाईंनी दोघांपुढे पेजेच्या वाट्या ठेवल्या.

"अगं, पण ती आमच्यासाठी—"

"तापात कोंबडी चालत नाही," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन स्वतःचं पान घेतलं. दुसरं पान नथूला वाढलं. शालूबाईंनाही वाटीभर नेऊन दिलं. ओसरीत दोघं पेज पीत बसले, आणि स्वयंपाकघरातून नथूचा आवाज येत राहिला, "वैनी, आनिक वाईच रस्सा हाय का?"